किरणोत्सवाचे पान: क्रमवार अ‍ॅनिमेशनचा टप्पा

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दृश्य ब्राउझरमध्ये उभे करण्याच्या कामात चित्रे आणि मांडणी पूर्ण झाली असून, आता किरणांचा क्रम बसवला आहे. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात आणि गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या काळात ती पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी संपूर्ण मूर्तीवर पडतात. आकाश ढगाळ असेल किंवा हवेत आर्द्रता जास्त असेल, तर वाटेतच क्षीण होतात. म्हणजे किती टप्पे चालवायचे, हे दिवसागणिक बदलते.

अशा क्रमासाठी बहुतेक जण सेटटाइमआउटची (ठरावीक वेळेनंतर काम सुरू करणाऱ्या जावास्क्रिप्टमधील टायमरची) साखळी लावतात आणि प्रत्येक टप्प्याचा अवधी मागच्या अवधींत मिळवत जातात. मला ही पद्धत मुळातच पटत नाही, कारण टायमरला अ‍ॅनिमेशनचा पत्ताच नसतो. प्रेक्षकाने दृश्य मध्येच थांबवले किंवा बारकाईने पाहण्यासाठी प्लेबॅकरेट (चालण्याचा वेग) ०.२५ केला, तरी टायमर आपल्याच वेळेला वाजतो आणि किरण कासव चौकात असतानाच उंबरा उजळू लागतो. एलिमेंटच्या, म्हणजे पानावरील घटकाच्या, अ‍ॅनिमेट या मेथडने मिळणाऱ्या ऑब्जेक्टवर मात्र फिनिश्ड नावाचे प्रॉमिस, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर तसे कळवणारे ऑब्जेक्ट, असते. अ‍ॅनिमेशन खरोखर संपल्यावरच ते पूर्ण होते, आणि अ‍ॅनिमेशन थांबलेले असेल तर तेही थांबून राहते. त्यामुळे टप्प्यांची यादी ॲरेमध्ये ठेवून, एकेक टप्पा घेणाऱ्या फॉर-ऑफ लूपमध्ये प्रत्येक फिनिश्डसाठी अवेट केले, म्हणजे ते पूर्ण होईपर्यंत थांबले, की क्रम आपोआप जुळतो. येथे ॲरेची फॉरइच ही मेथड वापरू नये, कारण ती कोणाचीही वाट न पाहता सगळे टप्पे एकदमच सुरू करते. ढगाळ दिवसासाठी लूप मध्येच तोडला की पुरते.

उंबऱ्यावरचा उजेड आणि त्या उंबऱ्याचे नाव एकत्र उमटावे म्हणून ती दोन अ‍ॅनिमेशन प्रॉमिस डॉट ऑलमध्ये (सगळी प्रॉमिस पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्या मेथडमध्ये) घेतली आहेत. ‘थेट शेवट दाखवा’ या बटणासाठी चालू अ‍ॅनिमेशन कॅन्सल केले जाते. तसे केल्यावर फिनिश्ड हे अबॉर्टएरर ही चूक देऊन नाकारले जाते, म्हणून संपूर्ण लूप ट्राय-कॅचमध्ये (आलेली चूक कॅच भागात हाताळणाऱ्या रचनेत) ठेवला आहे आणि कॅचमध्ये अंतिम स्थितीच्या शैली थेट लावल्या आहेत. ज्यांनी आपल्या उपकरणावर हालचाल कमी ठेवण्याची पसंती निवडली आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक टप्प्याचा अवधी शून्य केला आहे. शून्य अवधीतही फिनिश्ड पूर्ण होतेच, त्यामुळे वेगळा कोड लिहावा लागत नाही.

सध्या किरणे मागे सरण्याचा भाग हाती आहे. शेवटच्या टप्प्यापासून उलट्या क्रमाने रिव्हर्स ही उलट चालवणारी मेथड बोलावली की काम होते, परंतु दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. संपलेले अ‍ॅनिमेशन उलट चालवले की फिनिश्डचे नवे प्रॉमिस तयार होते, म्हणून आधी जपून ठेवलेले न वापरता ते रिव्हर्सनंतर नव्याने वाचावे. दुसरे म्हणजे फिलचे (सुरुवातीपूर्वी व शेवटानंतर शैली टिकवण्याच्या पर्यायाचे) मूल्य फॉरवर्ड्स (फक्त शेवटानंतर) न ठेवता बोथ (दोन्हीकडे) ठेवावे, कारण उलट दिशेने शून्याला पोहोचलेले अ‍ॅनिमेशन फॉरवर्ड्समुळे धरून ठेवले जात नाही आणि घटक आपल्या मूळ शैलीवर परत जातो.