टाच उचलणारा राक्षस

आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर, पॉन्टियाक गावात, ॲमेझॉनचं एक भलंमोठं गोदाम आहे. बघण्यासारखं तिथं काही नाही. करड्या भिंती, कुंपण, ट्रकांची रांग. तरी आण्णा मिशिगनला आले त्याच्या चौथ्याच दिवशी मी त्यांना तिथं घेऊन गेलो. डोक्याला कानटोपी, वरून मफलर, पायात माझे जुने बर्फाचे बूट, अशा अवतारात ते कुंपणापाशी उभे राहिले.

"हितं काय बघायचं?"

"आण्णा, इथं हल्क होगननं आंद्रेला उचलून आपटला होता."

ते गाडीत जाऊन बसले. पट्टा लावून झाल्यावर म्हणाले, "कोण आंद्रे?"

चूक माझीच. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना हे सांगावं लागत नाही. पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात केबल नंतर आली, त्याआधी पत्ते आले. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकेतल्या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचे. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसायचं आणि "वजन!" म्हणून ओरडायचं. हातात योकोझुना असला की समोरच्याचा पत्ता आपला. आकडा मोठा त्याचा जय, विषय संपला. गंमत म्हणजे ज्या कुस्त्यांवरून ते पत्ते निघाले, त्यातल्या गाजलेल्या कुस्त्या नेमक्या हाच नियम मोडण्यावर उभ्या होत्या. ते कळायला मला पुढची वीस वर्षं आणि आण्णांचा एक हिवाळा लागला.

त्या गोदामाच्या जागी पूर्वी सिल्व्हरडोम नावाचं स्टेडियम होतं. 29 मार्च 1987 रोजी तिथं तिसरी रेसलमेनिया, म्हणजे त्या कंपनीचा सगळ्यात मोठा कुस्त्यांचा कार्यक्रम झाला. 93,173 लोक आले होते असं कंपनीनं जाहीर केलं. या आकड्यावरून शौकीन लोक अजून भांडतात. 2017 च्या डिसेंबरात स्टेडियम पाडायला घेतलं, तर 3 तारखेला सुरुंग उडाले, धुराचा लोट उठला आणि धूर विरल्यावर बघतात तर वरचा कडा जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी परत सुरुंग लावले तेव्हा तो खाली आला. मला त्या बातमीचं फार हसू आलं, कारण आंद्रेही पहिल्या झटक्यात उचलला गेला नव्हता.

ती कुस्ती मी आण्णांना लॅपटॉपवर दाखवली. आंद्रे द जायंट, जाहिरातीतलं वजन 520 पौंड, म्हणजे दोनशे पस्तीस किलोच्या वर. समोर होगन, तोही काही काटकुळा नाही, पण आंद्रेपुढे पोरच दिसतो. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो. कंबर लचकते, दोघं कोसळतात, आंद्रे वर. पंच दोन मोजतो, तीन होता होता राहतात. तिथून पुढची दहाएक मिनिटं होगन आपली पाठ धरून वावरतो. तांत्रिक म्हणाल तर कुस्ती सुमार आहे. आंद्रे जेमतेम हलतो, मध्ये तर नुसती मगरमिठी घालून उभा राहतो. त्याच रात्री त्याच रिंगणात रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती झाली. ती कितीतरी सरस, एक डाव वाया नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती होगन-आंद्रेची, कारण तिच्यात एकच प्रश्न होता आणि तो शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळत होता: हा त्याला उचलणार का?

पहिल्याच मिनिटाला "नाही" असं उत्तर मिळाल्यामुळे शेवटचं "होय" मोलाचं झालं. पहिला प्रयत्न फसला नसता तर ते स्टेडियम एवढं गर्जलं नसतं.

आंद्रेला कधी कोणी उचललेलं नाही, पंधरा वर्षांत तो हरलेला नाही, अशी जाहिरात केली होती. दोन्ही थापा. खुद्द होगननंच 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलून आपटला होता. पण आपल्या जत्रेतला निवेदक काय कमी असतो? नारळावरच्या कुस्तीला उभ्या राहिलेल्या पोराला तो "उगवता हिंदकेसरी" करून टाकतो.

आण्णांनी चहा संपवला आणि म्हणाले, "नुरा हाय ही." म्हणजे निकाल आधी ठरवून केलेली कुस्ती. मग थोड्या वेळानं, "पर त्या थोरल्याची पाठ गेलीया. चालतो कसा बघ."

मी चाट पडलो. आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या रात्री कपड्याच्या आत त्यानं पट्टा बांधला होता, हे मी आण्णांना सांगितलेलं नव्हतं.

आण्णांविषयी थोडं सांगायला हवं. तारुण्यात ते सांगलीत तालमीला होते. कवठेपिरानच्या मारुती मान्यांना त्यांनी जवळून पाहिलंय. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, 1964 ची हिंदकेसरीची गदा, हे त्यांना आम्हा पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्कं पाठ. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा, 1952 च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाचा विषय निघाला की अंगानं बारक्या पैलवानाचं कौतुक करताना त्यांचा आवाज चढतो. स्वतः आण्णा कुंडलच्या मैदानात उतरलेत, जत्रांमधून तर कितीतरी ठिकाणी. दोन्ही कान मोडलेले. अशा माणसाला खोटी कुस्ती दाखवणं म्हणजे हलवायाला फोटोतले पेढे दाखवणं.

म्हणून मी विचारलं, मग तुमची कधी अशी विषम जोड लागली होती का?

लागली होती. एका जत्रेत त्यांच्या जोडीचा पैलवान आलाच नाही. पंचांनी ऐनवेळी दुसरा पुढे केला, तो वीस-बावीस किलोनं जड. इनाम ठरलेलं, गावाचा आग्रह, आण्णा उभे राहिले. सलामी झाली, खडाखडी झाली, त्यानं मानेवर हात टाकून ह्यांना खाली ओढलं आणि वर बसला.

"मग?"

"मग काय. बसला. पंचवीस मिनटं बसला. मी पोटावर. त्येला मला उलटता येईना, मला निघता येईना. हलगीवाला वाजवून वाजवून दमला. लोकं उठून भेळ खायाला गेली. शेवटी सोडवली बरोबरीत."

परक्या देशातल्या कुस्तीबद्दल माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं जे घोळत होतं, ते इथं एकदम जागेवर बसलं. खरी विषम जोड बघायला कंटाळवाणी असते. जड माणूस बसतो, हलका पालथा पडून तग धरतो. यात बघण्यासारखं काय?

याचा सगळ्यात मोठा दाखला गामा पैलवानाचा. 10 सप्टेंबर 1910, लंडन. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को, वजनानं गामापेक्षा भारी. पण कलेत तो गामापुढे टिकणार नाही हे पहिल्या काही मिनिटांत त्याला कळलं, आणि तो गादीला पोट चिकटवून जो पडला तो अडीच तासांहून जास्त वेळ पडूनच राहिला. निकाल नाही. पुढच्या शनिवारी परत कुस्ती ठरली, तर हा आलाच नाही. विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला. 1928 मध्ये पतियाळ्याला दोघं पुन्हा भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. म्हणजे एकदा अडीच तास काहीच घडलं नाही, आणि एकदा डोळ्यात धूळ गेली म्हणून पुसेपर्यंत संपलं. इतिहासात दोन्हीला मान आहे, पण तिकीट काढून बसलेल्याचं काय झालं असेल?

अमेरिकेतल्या धंदेवाइकांनी हेच हेरलं. 1920 च्या दशकात एड लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उचल-आपट वाढवली, निकाल आधी ठरवून घेतले. वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉलपटूला त्यांनी जानेवारी 1925 मध्ये विजेता करून टाकलं. देह राक्षसासारखा, कुस्ती यायची नाही. मग एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर हरायला म्हणून जो म्हातारा पैलवान उभा केला, तो कोण असेल? झबिस्को! ठरल्याप्रमाणे तो पडलाच नाही. त्यानं वेन मनला धरून पुन्हा पुन्हा पाठीवर पाडलं, इतकं की पंचाला निकाल द्यावाच लागला. लंडनला पोटावर पडलेल्या माणसानं पंधरा वर्षांनी ठरलेली कुस्ती खरी करून टाकली. आण्णांना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी गावाकडे फोन लावून तालमीतल्या जुन्या जोडीदाराला ऐकवला. तिकडे रात्रीचा एक वाजला होता.

यानंतर आण्णांनी स्वतःहून "अजून दाव" म्हणायला सुरुवात केली. मी 15 फेब्रुवारी 2004 ची, एडी गरेरो आणि ब्रॉक लेसनरची लावली. लेसनर 2000 सालचा अमेरिकन विद्यापीठांचा हेवीवेट विजेता, म्हणजे खराखुरा पैलवान. एडी त्याच्या खांद्याला लागेल न लागेल एवढा. जवळपास अर्धा तास लेसनर त्याला पोत्यासारखा फेकतो. एडी त्याच्या गुडघ्याच्या मागे लागतो, कारण उंच झाड बुंध्याशीच तोडावं लागतं. शेवटी मध्येच गोल्डबर्ग नावाचा तिसराच पैलवान येऊन लेसनरला धडक देऊन जातो. हे मला कधीच पटलेलं नाही. एवढी अर्ध्या तासाची मेहनत आणि त्यात तिसऱ्याचा हात? आण्णांना मात्र त्याचं काही नव्हतं. ते लेसनरकडेच बघत होते. "ह्येला खरी येती. आणि बघ, खरी येती म्हणूनच पाडून घेतोय."

फेब्रुवारीत गावातल्या एका हॉलमध्ये स्थानिक कुस्त्यांचा कार्यक्रम होता. वीस डॉलर तिकीट, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात हॉटडॉग. दीड-दोनशे माणसं असतील. रिंगण इतकं जवळ की फळ्या वाजलेल्या पोटात जाणवत होत्या. लोखंडी सांगाडा, वर फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. आण्णांनी मध्यंतरात जाऊन ते हातानं दाबून बघितलं. "माती बरी," एवढाच शेरा.

बारक्या पैलवानानं पहिली लाथ मारली तेव्हा चटकन आवाज झाला आणि आण्णा माझ्याकडे वाकले. "त्येनं सोताच्याच मांडीवर हात मारला." बरोबर होतं. लाथेचा आवाज यावा म्हणून हे लोक तसं करतात, आणि बघणाऱ्याच्या लक्षात येऊ नये अशी अपेक्षा असते. पण ज्याचा जन्म शड्डू ऐकण्यात गेला त्याच्यापासून मांडीवरची थाप कशी लपणार?

शेवटची जोड म्हणजे हा सत्तरेक किलोचा पोरगा आणि समोर दीडशेच्या घरातला एक दाढीवाला. पोरानं धावत जाऊन धडक दिली आणि स्वतःच मागं पडला. लोक हसले. दाढीवाला हसला नाही. तो पोराकडे बघत उभा राहिला, आणि मग फक्त अर्धं पाऊल मागं सरकला. एवढंच. पण हॉलमध्ये कुजबुज झाली. दुसऱ्या धडकेला तो दोरावर रेलला. पोरानं त्याला उचलायला कमरेला मिठी घातली. गुडघे थरथरले, कोसळला. दाढीवाल्यानं त्याला एका हातानं उचलून कोपऱ्यात भिरकावलं. आता हसणारे गप्प झाले होते. आमच्या पुढे बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, तिची आई तिला खाली बसवायची तेही विसरली होती.

दाढीवाला कोपऱ्यात धावत गेला, पोरगा सटकला, खांदा खांबावर आदळला. मग गुडघ्यावर लाथा, एकाच गुडघ्यावर, डाव्या. इथून पुढे दाढीवाला एकदाही डाव्या पायावर पूर्ण भार देऊन उभा राहिला नाही. पोरानं परत मिठी घातली. आण्णांनी माझं मनगट धरलं.

"पाय बघ. त्येचा पाय बघ."

मी बघितलं. दाढीवाल्याची उजवी टाच उचलली गेली. चवड्यावर भार आला, आणि त्या चवड्यानंच त्यानं स्वतःला वर ढकललं, नेमकं त्या क्षणाला, नेमकं तेवढंच. पोराच्या खांद्यावर तो गेला, वर एक क्षण थांबला आणि फळ्या कडाडल्या. हॉल उठून उभा राहिला. आण्णाही.

गाडीकडे जाताना ते सांगत होते. तालमीत त्यांचे वस्ताद शंभर किलोच्या पुढचे. नवीन पोरं आली की वस्ताद स्वतः त्यांच्याशी लढत धरायचे. पोरगं एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला जायचं, पटात काही दम नसायचा, पण वेळ बरोबर असली तर वस्ताद धाडकन पडायचे. वेळ चुकली असली तर नाही. मग पोरगं कितीही ओढू दे, खांब हलायचा नाही. "आमाला वाटायचं आमीच पाडला. चार वर्सांनी कळलं." थोडं थांबून म्हणाले, "जडानं कवा पडायचं ह्ये त्येलाच कळाय पायजे. हलका काय, त्यो उड्याच मारणार."

गाडीपर्यंत आलो आणि ते मागे फिरले. दारापाशी पैलवान टेबल लावून टी-शर्ट विकत होते. पोरासमोर रांग होती, दाढीवाल्यासमोर कोणी नव्हतं. तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. उजव्या नव्हे, डाव्याच. म्हणजे सगळंच काही नाटक नव्हतं. आण्णांनी त्याच्याशी हात मिळवला. इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्यांनी आपला मोडलेला कान बोटानं दाखवला. दाढीवाल्यानं दोन क्षण बघितलं, मग खो-खो हसत केस बाजूला सारले. त्याचाही कान तसाच होता, फुलकोबीसारखा. "हायस्कूल," तो म्हणाला. आण्णा म्हणाले, "सांगली."

मी पोराचा टी-शर्ट घेऊ का विचारलं. त्यांनी दाढीवाल्याचाच घेतला. त्याच्याकडे फक्त ट्रिपल एक्सेल उरले होते.