उतावीळ मूल नेमके काय बघत नाही?

गणिताच्या तासाला मी एक उदाहरण वर्षानुवर्षे देत आले आहे. ताईकडे १२ पेन्सिली आहेत आणि त्या तिच्या भावाकडच्या पेन्सिलींपेक्षा ४ ने जास्त आहेत, तर भावाकडे किती? उदाहरण वाचून संपण्याआधीच दोन-तीन हात वर होतात आणि उत्तर येते, ‘सोळा’. या मुलांना वजाबाकी येत नाही असे मुळीच नाही. ‘जास्त’ हा शब्द कानावर पडताक्षणी त्यांनी बेरीज करून टाकलेली असते. काही मुले मात्र फळ्याकडे बराच वेळ पाहत राहतात, ओठ हलवत वाक्य पुन्हा वाचतात आणि मग ‘आठ’ म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ‘सोळा’ म्हणणाऱ्या मुलांसाठी माझ्याकडे एकच सूचना होती: घाई करू नकोस, सावकाश कर. ही सूचना किती अपुरी आहे हे मला या विषयावरचे संशोधन वाचू लागल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा कळले, आणि त्या उशिराची मला आजही खंत वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या विचार करण्याच्या पद्धतीतील हा फरक मोजण्यासाठी एक चाचणी तयार केली. मुलासमोर ओळखीच्या वस्तूचे एक मूळ चित्र आणि त्याच्यासारखीच दिसणारी आणखी सहा चित्रे ठेवली जातात. या सहांपैकी एकच चित्र मुळाशी हुबेहूब जुळते. उरलेल्या पाचांत कुठे एखादी रेघ आखूड असते, कुठे एखादा तपशील किंचित सरकलेला असतो. असे १२ संच असतात, आणि प्रत्येक वेळी पहिले उत्तर द्यायला किती सेकंद लागले आणि एकूण चुका किती झाल्या, या दोन गोष्टींची नोंद होते. जी मुले चटकन उत्तर देतात आणि जास्त चुकतात ती उतावीळ, आणि जी वेळ घेतात व कमी चुकतात ती विचारी, असे वर्गीकरण केले जाते. इथे एक अट फार महत्त्वाची आहे. हा फरक सगळ्याच कामांत दिसत नाही. अनेक पर्याय एकाच वेळी बरोबर वाटू शकतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो, अशाच प्रसंगी तो प्रकट होतो. पाढे म्हणताना किंवा पाठ केलेली कविता म्हणताना भरभर बोलणारे मूल या अर्थाने उतावीळ ठरत नाही.

वर्गीकरण करताना वेळ आणि चुका या दोन्हींचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातले मधोमधचे मूल्य, काढून मुलांचे चार गट पडतात, आणि सर्वसाधारणपणे दोनतृतीयांशच्या आसपास मुले वरील दोन गटांत बसतात. उरलेल्यांपैकी काही जलद असूनही अचूक असतात, तर काही वेळ घेऊनही चुकतात. संशोधनाचा भर पहिल्या दोन गटांवर राहिल्याने ही मुले बरेचदा हिशेबातून गळतात, आणि वर्गातही नेमके हेच घडते. खूप वेळ घेऊन चुकणाऱ्या मुलाकडे आपले लक्ष जात नाही, कारण ते शांत बसलेले असते आणि शांत बसलेले मूल विचारच करत असणार असे आपण धरून चालतो.

पुढे १९७४ मध्ये जॅक ब्लॉक, जीन ब्लॉक आणि डेव्हिड हॅरिंग्टन यांनी या चाचणीविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. मुलाच्या स्वभावाबद्दल काही सांगायचेच असेल तर ते चुकांच्या संख्येतून कळते, घड्याळातल्या सेकंदांतून फारसे कळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हा वाद पुष्कळ रंगला, आणि त्याचे तांत्रिक तपशील मी इथे सोडून देते. पण शिक्षिका म्हणून मला ही टीका मनापासून पटते. आपल्याला वेग दिसतो, म्हणून आपण वेगालाच दोष देतो.

मग दोष कशात असतो? याचे मला सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर मुलांच्या नजरेच्या अभ्यासातून मिळाले. चित्रे जुळवताना मूल कोणत्या चित्राकडे किती वेळा आणि किती वेळ बघते याची नोंद एलेन सीगलमन यांनी घेतली व ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. उतावीळ मुले काही पर्यायांकडे अजिबात बघत नव्हती, आणि जो पर्याय पुढे निवडणार त्याच्यावरच त्यांची नजर अधिक खिळत होती. विचारी मुले आपली नजर सगळ्या पर्यायांवर अधिक सारखी वाटत होती. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, उतावीळ मुलाने सहा पर्यायांची तुलना घाईने केली असे नसून त्याने ती तुलना पुरती केलेलीच नसते. त्याला एक चित्र ‘तसेच’ वाटले आणि शोध तिथेच थांबला. पेन्सिलींच्या उदाहरणातही हेच झाले होते: ‘भावाकडच्या पेन्सिलींपेक्षा’ या शब्दांकडे त्या मुलाने लक्षच दिले नव्हते.

हे एकदा लक्षात आले की ‘सावकाश कर’ या सूचनेचा फोलपणा आपोआप स्पष्ट होतो. केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उतावीळ मुलांना उत्तर देण्यापूर्वी थांबण्याचे प्रशिक्षण दिले तेव्हा मुले थांबायला शिकली, उत्तराला लागणारा वेळ वाढला, पण चुका मात्र कमी झाल्या नाहीत. याउलट बायरन एगलंड यांच्या १९७४ च्या अभ्यासात मुलांना बघण्याची पद्धत शिकवली गेली: चित्राचे भाग पाडायचे, एकेका भागाची सर्व पर्यायांत तुलना करायची आणि जे जुळत नाही ते बाद करत जायचे. त्याच अभ्यासात नुसते थांबायला शिकलेल्या मुलांची सुरुवातीची सुधारणा पुढे टिकली नाही, तर ही पद्धत शिकलेल्यांची काही काळानंतरही टिकून राहिली. रिकामा वेळ देऊन उपयोग नसतो. त्या वेळात काय करायचे हे मुलाच्या हाती द्यावे लागते.

ते हाती देण्याचा एक मार्ग डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये मांडला, आणि मी तो वर्गात अनेक वर्षे वापरते आहे. आधी मोठी व्यक्ती काम करता करता स्वतःशी मोठ्याने बोलते: मला काय विचारले आहे, मी आधी काय बघू, इथे चुकले, हरकत नाही, परत बघते. मग मूल तिच्या सूचनांनुसार तेच काम करते, त्यानंतर स्वतः मोठ्याने बोलत, पुढे कुजबुजत आणि शेवटी मनातल्या मनात बोलत करते. बाहेरची भाषा हळूहळू मुलाच्या आत जाऊन त्याच्या वागण्याला वळण देते, या वायगॉट्स्की आणि लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञांच्या विचाराचा त्याला आधार आहे. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते ‘इथे चुकले, हरकत नाही’ हे वाक्य. ते वगळून ही पद्धत वापरली तर मुले पायऱ्या पाठ करतात, पण पहिली चूक होताच सगळे सोडून पुन्हा अंदाज करू लागतात, असा माझा अनुभव आहे.

समस्या सोडवण्याच्या रीतीतला फरक वीस प्रश्नांच्या खेळात फार स्वच्छ दिसतो. समोर अनेक चित्रे मांडलेली असतात, त्यांतले एक मी मनात धरते आणि मुलाने ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येणारे प्रश्न विचारून ते ओळखायचे असते. रूथ ऑल्ट यांच्या १९७३ च्या अभ्यासात विचारी मुलांचे प्रश्न उतावीळ मुलांपेक्षा अधिक परिपक्व, म्हणजे एका फटक्यात अनेक शक्यता बाद करणारे आढळले: ते सजीव आहे का, ते घरात वापरतात का. उतावीळ मूल थेट विचारते, ‘ती सायकल आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले की त्याच्या हाती फक्त एक चित्र कमी झाल्याची माहिती येते. वयानुसार सर्वच मुलांचे प्रश्न सुधारत जातात, म्हणून सहा वर्षांच्या मुलाची तुलना दहा वर्षांच्या मुलाशी करून त्याला उतावीळ ठरवणे अन्यायाचे आहे.

आणखी एका अन्यायाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मूळ चाचणी बारीक तपशिलांचीच आहे, त्यामुळे तपशील टिपणारी मुले तिच्यात पुढे दिसणारच. टामार झेल्निकर आणि वेंडेल जेफ्री यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की जिथे आकृतीचा एकूण आकार पाहून निर्णय घ्यायचा असतो, तिथे उतावीळ म्हटली जाणारी मुले विचारी मुलांच्या मागे पडत नाहीत. ही मुले सबंध वस्तू आधी पाहतात. शाळेतील बहुतेक कामे मात्र तुकड्या-तुकड्यांनी पाहण्याची असतात.

चुकण्याची भीती हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. विचारी मूल थांबते याचे एक कारण, केगन यांच्या मते, चूक होण्याची चिंता हे आहे. ही चिंता वाढली की तेच मूल उत्तर माहीत असूनही गप्प बसते. उतावीळ मुलांनाही चुकल्याचे दुःख होते, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. त्यांतल्या काहींना उशीर लावला तर आपण मठ्ठ ठरू याची अधिक धास्ती असते. ही धास्ती आम्हीच, ‘कोण आधी सांगतो बघू’ असे म्हणत, त्यांच्यात रुजवलेली असते. पहिलीच्या वर्गांचा १९६८ मध्ये अभ्यास करताना रेजिना यँडो आणि केगन यांना असे दिसले की स्वतः विचारपूर्वक वेळ घेणाऱ्या शिक्षकांच्या वर्गातील मुले वर्षभरात उत्तराला अधिक वेळ घेऊ लागली. हे वाचल्यानंतर मी ‘आधी कोण’ हा प्रश्न वर्गात विचारणे बंद केले. आता उदाहरण फळ्यावर लिहिल्यावर मी हात वर करू देत नाही. त्यात कोणाकोणाबद्दल आणि काय सांगितले आहे एवढेच आधी विचारते.

गेल्या वर्षी एका मुलाने, जो दरवेळी सर्वांत आधी ‘सोळा’ म्हणत असे, पेन्सिलींच्या उदाहरणातील ‘पेक्षा’ या शब्दावर बोट ठेवून मला विचारले, ‘बाई, जास्त कोणाकडे आहेत, ताईकडे ना?’ मी हो म्हटले. ‘मग भावाकडे कमीच असणार,’ तो म्हणाला, आणि उत्तर न सांगताच वहीत लिहू लागला.