ग्वेल्फचं मॅक्रे हाउस: कवितेमागचा डॉक्टर बघायला जा

११ नोव्हेंबर हा कॅनडात युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन, त्यामुळे तिथल्या शाळांमध्ये नोव्हेंबर आला की ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही कविता म्हटली जाते. ती लिहिणारे जॉन मॅक्रे पेशाने डॉक्टर होते आणि पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी होते. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ऑन्टारिओतल्या ग्वेल्फ गावी ज्या घरात झाला, ते घर आता संग्रहालय आहे. आम्ही गेलो ते कवितेमुळे, पण परत येताना बोलत होतो ते डॉक्टरबद्दलच.

टोरॉन्टोच्या युनियन स्टेशनवरून ‘गो’ (GO) या प्रादेशिक रेल्वेने ग्वेल्फला साधारण दीड तास लागतो. गाड्या फार नाहीत, त्यामुळे परतीची गाडी आधी ठरवा आणि मगच बाकीचा दिवस आखा. स्टेशनवर उतरल्यावर थेट घराकडे जाऊ नका. आधी टेकडीवरच्या मोठ्या चर्चशेजारी असलेलं ग्वेल्फ सिव्हिक म्युझियम गाठा. त्याच्या बाहेर मॅक्रेंचा २०१५ साली बसवलेला ब्राँझचा पुतळा आहे: झाडाच्या बुंध्यावर बसलेले, हातात वही, आणि जवळच डॉक्टरची बॅग. ती बॅग नीट बघून घ्या. मग गॉर्डन स्ट्रीटने खाली उतरत स्पीड नदीवरचा पूल ओलांडायचा आणि वॉटर स्ट्रीटला वळायचं. रमतगमत अर्ध्या तासाचा रस्ता आहे, नदीकाठी बसायलाही छान जागा आहे.

घर अगदी छोटं. चुनखडीच्या दगडाचं, पुढे फुलांची बाग. मॅक्रे कुटुंब इथे थोडीच वर्षं राहिलं, त्यामुळे ‘याच टेबलावर कविता लिहिली’ असलं काही शोधू नका. १९६६ मध्ये गावातल्या काही मंडळींनी घर विकत घेतलं म्हणून ते वाचलं, आणि १९६८ मध्ये लोकांसाठी उघडलं. खोल्या मोजक्याच आहेत, पण घाई केलीत तर काहीच हाती लागणार नाही. निदान तासभर तरी द्या.

मॅक्रेंना लहानपणापासून दम्याचा त्रास होता, हे मला माहीत नव्हतं. आता १९१५ चा एप्रिल डोळ्यांपुढे आणा. बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि हा दमेकरी डॉक्टर तोफखान्याच्या ब्रिगेडचा सर्जन म्हणून कालव्याच्या काठावर जखमींवर उपचार करत राहिला, सलग १७ दिवस. २ मे रोजी त्यांचा तरुण मित्र अ‍ॅलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मारला गेला. कविता त्यानंतरची. ८ डिसेंबर १९१५ रोजी ती लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आली. आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्याच लढाईत २६ एप्रिलला हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनही उतरली होती. कॅनडाचं युद्ध म्हणून बघायला गेलेल्या मला तिथे आपलीही माणसं आठवत राहिली.

पुढे मॅक्रे फ्रान्समध्ये मॅक्गिल विद्यापीठाच्या लष्करी रुग्णालयात वैद्यकीय विभागाचे प्रमुख झाले. अधिकाऱ्यांसाठी लाकडी खोल्या असतानाही ते तंबूत राहायचे, कारण आघाडीवरच्या सोबत्यांना कुठली आलीय ऊबदार खोली? भाचरांना ते आपल्या बॉनफायर या घोड्याच्या नावाने पत्रं लिहीत आणि खाली सहीच्या जागी टापेची खूण काढत. दिवसभर जखमी माणसं बघून रात्री हे सुचणं, मला तरी कवितेइतकंच मोठं वाटतं. २८ जानेवारी १९१८ रोजी न्यूमोनिया आणि मेनिंजायटिसने ते गेले. अंत्ययात्रेत बॉनफायर पुढे होता, रिकिबीत त्यांचे बूट उलटे अडकवलेले. फ्रान्समधल्या विमरूच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

मॅक्रेंच्या पदकांची हकिकत जरूर वाचा. १९९७ मध्ये ती टोरॉन्टोत लिलावात निघाली. आर्थर ली या उद्योजकाने, जो स्वतः चीनमधून कॅनडात येऊन स्थायिक झाला होता, ४ लाख डॉलरची बोली लावून ती घेतली आणि सरळ ग्वेल्फच्या संग्रहालयाला देऊन टाकली. स्थलांतरित म्हणून राहणाऱ्या कुणालाही हे वाचून भरून येईल.

काही सूचना. घर रोज उघडं नसतं आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून निघण्याआधी ग्वेल्फ म्युझियम्सच्या संकेतस्थळावर बघाच. शेजारची स्मृतिबाग मात्र घर बंद असतानाही बघता येते. मुलं बरोबर असतील तर आदल्या दिवशी कविता एकदा मोठ्याने वाचून दाखवा, पंधराच ओळी आहेत. उन्हाळ्यात बाग फुललेली असते. ऑक्टोबर संपताना गेलात तर थंडीचे कपडे घ्या आणि वाटेत कुठे पॉपीची लाल फुलं (कवितेतली हीच फुलं आता युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची खूण आहेत) ठेवलेला डबा दिसला तर त्यात काही पैसे टाकून एक फूल घ्या. ते कोटावर डाव्या बाजूला, हृदयाजवळ लावतात. ११ नोव्हेंबरला जायचं असेल तर लवकर पोचा, त्या दिवशी गर्दी असते.