टॉप स्पीड वाढवायचाय? इंजिनाआधी तळाखाली वाका

२५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, उतरवून ३०० चं चढवलं, तर बोट किती जास्त पळेल? यावर ऐकू येणारे अंदाज बहुतेक वेळा दुपटीने फुगवलेले असतात. हिशेब मात्र सोपा आहे, आणि क्राउचचं सूत्र त्यासाठी आजही उपयोगी पडतं. बोटीचं भरलेलं वजन पौंडात घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा. मग एका स्थिरांकाला त्या वर्गमुळाने भागलं की ताशी मैलांत वेग मिळतो. हा स्थिरांक तळाच्या जातीवर ठरतो: साध्या रनअबाउटला (छोट्या उघड्या मोटरबोटीला) १५०, वेगवान व्ही तळाला १९०, रेसिंगच्या तळांना २१० आणि त्यापुढे, रेसिंग कॅटमरानला (जुळ्या तळांच्या बोटीला) २३० च्या आसपास.

आता ४००० पौंडांची, म्हणजे साधारण १८१५ किलोंची बोट घ्या. २५० हॉर्सपॉवर आणि १९० स्थिरांक धरला तर ४७.५ मैल येतात. ३०० हॉर्सपॉवर लावले तर ५२. पन्नास घोडे वाढवून हाती साडेचार मैल, आणि तेही नवं इंजिन जुन्यापेक्षा जड नाही असं धरून. उलट इंजिन तेच ठेवून स्थिरांक १९० वरून २०८ वर नेला, तरी वेग ५२ च येतो. वजन १० टक्के उतरवलं तर ५०. स्थिरांक म्हणजे तळाची स्थिती, इंजिनाची उंची, प्रोपेलर आणि ट्रिम (इंजिन आत-बाहेर कलवण्याचा कोन) यांचा एकत्रित हिशेब. या चार गोष्टी नीट न लावता इंजिन बदलणं म्हणजे चाकात हवा नसताना सायकलला मोठा गिअर बसवणं.

प्लेनिंग तळ वेगात पाण्यावर चढतो. मग पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ जितकं कमी, तितकं घर्षण कमी. सपाट तळ लवकर चढतो आणि कमी शक्तीत पळतो, पण लाट आली की आपटतो. तळ मागे कितपत व्ही आहे, त्या कोनाला डेडराइज म्हणतात. २४ अंशांचा डीप व्ही खवळलेलं पाणी कापतो, १९६० च्या मायामी-नसाऊ शर्यतीत 'मॉपी' बोटीने ते दाखवून दिलं. त्याची किंमत अशी की तेवढाच उचल मिळवायला जास्त शक्ती लागते. यावरची तडजोड म्हणजे पॅड: व्हीच्या टोकाशी मागच्या बाजूला दिलेली अरुंद सपाट पट्टी. पूर्ण वेगात बोट जवळपास या पट्टीवरच तोलली जाते.

स्टेप असलेल्या तळाचं तत्त्व वेगळं. तळात आडवा खाच-टप्पा असतो, त्यामागे बाजूने हवा ओढली जाते आणि तळाचा एक पट्टा पाण्यापासून सुटतो. एका लांब ओल्या पृष्ठभागाऐवजी दोन-तीन आखूड, रुंद पृष्ठभाग काम करतात आणि उचल तशी जास्त मिळते. पण हवेची तोंडं पाण्यात बुडाली, म्हणजे मागे वजन जास्त झालं किंवा वेग पुरेसा नसला, तर तोच टप्पा नुसता अडथळा ठरतो. अशा बोटी वेगात वळवताना इंजिन आत ओढून नाक खाली घेऊ नये. नाक पाण्यात रुततं, मागचा भाग पकड सोडतो आणि बोट गर्रकन फिरते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणाच्या मध्यावर नाही.

तळ चांगल्या घडणीचा असला तरी तो सरळ आहे का, हे तपासलेलं क्वचितच आढळतं. दीड मीटरची सरळ पोलादी पट्टी घ्या. ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून, पुढे लांबीच्या दिशेने ती तळाला लावा, पॅडवर आणि दोन्ही बाजूंना. पट्टी दोन टोकांना टेकते आणि मध्ये फट दिसते, तर तो हुक. तो मागचा भाग वर उचलतो, नाक खाली दाबतो आणि ओलं क्षेत्रफळ वाढवतो. पट्टी मध्यावर टेकून डुलते, तर तो रॉकर. तो मागचा भाग खाली ओढतो, नाक अति वर जातं आणि पोरपॉइझिंग सुरू होतं, म्हणजे बोट पुढे-मागे उसळत राहते. दोन-तीन मिलिमीटरची फटही वेगात जाणवते. फट फीलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा, डोळ्यांवर जाऊ नका.

हुक बऱ्याचदा कारखान्यात नव्हे तर ट्रेलरवर तयार होतो. ट्रेलरच्या आधारपट्ट्या ट्रान्समच्या आधीच संपतात, इंजिनाचं वजन मागे लोंबकळतं आणि महिन्या-महिन्यांनी तळ वाकतो. म्हणून आधी आधारपट्ट्या ट्रान्समपर्यंत वाढवा, मग इपॉक्सीच्या लेपाने खळगा भरून लांब फळीला सँडपेपर लावून घासा. छोट्या ब्लॉकने घासलं तर खळगा गुळगुळीत होतो, सरळ होत नाही. हेच करताना ट्रान्समची खालची कड धारदार ठेवा. कड गोल असली की पाणी तिथून सुटण्याऐवजी भिंतीला चिकटून वर चढतं. आणि वॅक्स? तळाला लावून वेग मिळत नाही, दिसायला बरं दिसतं एवढंच. प्रोपेलरच्या पुढच्या रेषेत बसवलेला सोनारचा ट्रान्सड्युसर (सेन्सर) मात्र जरूर हलवा, त्याच्यामागचे बुडबुडे थेट पात्यांवर जातात.

वजनात इंधन विसरू नका. १०० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७४ किलो. जुन्या बोटीत, बोट तरंगती ठेवणाऱ्या फ्लोटेशन फोमने पाणी पिलेलं असलं तर गुपचूप त्याहून जास्त वजन बसलेलं असतं. बोट वजनकाट्यावर घातल्याशिवाय सूत्रातला आकडा खरा धरू नये. वजन कुठे आहे तेही बघा. बॅटरी मागे सरकवली की नाक हलकं होऊन वेग वाढतो, पण फार मागे गेली तर बोट प्लेनवर चढायला जड जाते आणि उसळते. तेव्हा ट्रिम टॅब (ट्रान्समखालच्या हलत्या पट्ट्या) खाली करून ती दाबावी लागते, आणि मिळवलेला वेग टॅब परत खातो.

आता इंजिनाची उंची. सगळ्यात स्वस्तात वेग इथेच सापडतो. साध्या बसवणीत प्रोपेलरच्या वरची अँटी-व्हेंटिलेशन प्लेट तळाच्या रेषेत असते. वेगात गिअरकेस (इंजिनाचा प्रोपेलर धरणारा खालचा भाग) पाण्यात जितका कमी बुडालेला, तितका विरोध कमी. इंजिन जॅक प्लेटवर, म्हणजे ते मागे आणि वर-खाली सरकवणाऱ्या कंसावर, मागे नेलं की दर ८ इंचांमागे साधारण १ इंच वर घेता येतं, कारण तळामागे पाणी किंचित वर येतं. मोजायचं असं: प्रोपेलरचा शाफ्ट तळाला समांतर होईल इतकं ट्रिम करा, पॅडवरून सरळ पट्टी मागे न्या, शाफ्टचा मध्य तिच्या किती खाली आहे ते मोजा. वेगवान पॅड तळांवर ३ ते ४ इंच खाली हा सुरुवातीचा बरा मुक्काम. तिथून पाव-पाव इंच वर घ्या आणि प्रत्येक वेळी वेग, आरपीएम आणि कूलिंग पाण्याचा दाब लिहून ठेवा. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, वळणात पातं पकड सोडतं किंवा पाण्याचा दाब इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या किमानाखाली जातो, तर एक पायरी खाली या. हा दाबाचा गेज नसेल तर उंचीच्या प्रयोगाला हात लावू नका. इंजिन तापतं तेव्हा वेगाच्या धुंदीत ते कळत नाही. ताशी ७५-८० मैलांच्या पुढे आणखी एक भानगड: साध्या गिअरकेसच्या टोकदार नसलेल्या नाकाभोवती पाणी फाटतं आणि प्रोपेलरला अचानक पकड मिळेनाशी होते. तिथे लांब टोकाची, खालून पाणी घेणारी गिअरकेस लागते.

प्रोपेलर निवडताना पिच आणि स्लिप हे दोन शब्द महत्त्वाचे. पिच म्हणजे एका फेऱ्यात पातं सैद्धांतिक किती इंच पुढे जाईल. आरपीएम गुणिले पिच, भागिले (गिअर रेशो गुणिले १०५६): उत्तर ताशी मैलांत. ५८०० आरपीएम, २३ पिच, १.७५ रेशो म्हणजे ७२.२ मैल. जीपीएस ६४ दाखवत असेल तर स्लिप, म्हणजे या सैद्धांतिक वेगात पडलेली घट, ११ टक्क्यांवर. चांगल्या व्ही तळाला ८ ते १२ ठीक. २० च्या पुढे असेल तर पातं मार खाल्लेलं, इंजिन फार वर किंवा पात्यात हवा जातेय. ५ च्या खाली आली तर हुरळू नका, पात्यावर कोरलेला पिच आणि प्रत्यक्षातला पिच यांत फरक असतो. मागच्या कडेचा वाकवलेला भाग, म्हणजे कप, पिच वाढवल्यासारखाच वागतो. म्हणून दोन वेगवेगळ्या प्रोपेलरांची स्लिप एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही. एकाच प्रोपेलरची आजची स्लिप कालच्याशी ताडा.

पिच एक इंच वाढवला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने उतरतात. नेहमीच्या वजनानिशी पूर्ण थ्रॉटलला आरपीएम उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ यायला हवेत. जास्त पिच लावून इंजिन दाबून चालवलं तर वेगही मिळत नाही आणि डिटोनेशनने, म्हणजे सिलिंडरात इंधन अवेळी भडकून, पिस्टन जातात. उंचावरच्या तलावात दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती जाते, तिथे एक-दोन इंच कमी पिच लावा.

चाचणी दोन्ही दिशांनी जीपीएसवर घेऊन सरासरी काढा, टाकी दरवेळी सारखी भरा, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी आरशासारखं असलं तर बोट थोडी मंद पळते, हलकी लहर हवी: तळाखाली हवा शिरते.

इंजिन वर आणि ट्रिम बाहेर नेत नेत बोट पॅडवर उभी राहिली की ती डावी-उजवी डुलू लागते. हा चाइन वॉक. स्टिअरिंगमध्ये अंगुळभर ढिलेपणा असेल तर तो आवरत नाही, म्हणून हायड्रॉलिक किंवा दुहेरी केबल लावून आधी ढिलेपणा काढा. डोलणं सुरू झालं की चाकाशी झगडू नका, ट्रिम थोडं आत घ्या आणि थ्रॉटल हळू सोडा. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी अंगाला बांधलेली असल्याशिवाय हा प्रयोग करायचाच नाही.