गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दजोड्या : वहीची नवी मांडणी

अदलाबदल होणाऱ्या इंग्रजी शब्दांची माझी वही आतापर्यंत वर्णानुक्रमे लावलेली होती. या टप्प्यात ती मांडणी मोडून, गोंधळ कशामुळे होतो हे पाहून जोड्या लावायला घेतल्या आहेत. कारण जिथे केवळ उच्चार सारखा आहे तिथला उपाय, जिथे क्रियापदांची रूपेच एकमेकांत मिसळली आहेत तिथे चालत नाही.

सर्वाधिक वेळ 'लाय' आणि 'ले' यांना दिला. 'लाय' म्हणजे आडवे होणे, पडून असणे. ते अकर्मक आहे. 'ले' म्हणजे ठेवणे, आडवे करणे. त्याला कर्म लागतेच. मराठी माणसाला हे नाते परके नाही, कारण पडणे-पाडणे, बसणे-बसवणे अशा जोड्या आपण रोज वापरतो. इंग्रजीत ही जुनी प्रयोजक घडण 'सिट-सेट', 'राइज-रेझ' अशा मोजक्या जोड्यांतच उरली आहे. खरी अडचण भूतकाळात येते : 'लाय'चा भूतकाळ 'ले' होतो, तर 'ले'चा 'लेड'. म्हणून 'ही ले डाउन' म्हणजे 'तो आडवा झाला', आणि 'ही लेड द बुक डाउन' म्हणजे 'त्याने पुस्तक खाली ठेवले'. हुबेहूब हीच रचना 'फॉल' आणि 'फेल' यांतही आहे : 'फॉल'चा भूतकाळ 'फेल', आणि झाड पाडणे या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदही 'फेल', ज्याचा भूतकाळ 'फेल्ड'. तिथे मात्र फारसे कोणी अडखळत नाही, कारण ते दुसरे क्रियापद क्वचितच वापरले जाते. माझ्या मते नियम पाठ करण्यापेक्षा वाक्यात कर्म आहे का आणि काळ कोणता, हे दोन प्रश्न क्रमाने विचारणे अधिक उपयोगी ठरते.

'इट्स'च्या दोन लेखनांचा निकाल लवकर लागतो : 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा विस्तार होत असेल तरच अपॉस्ट्रॉफी द्यावी. षष्ठीचे 'इट्स' हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागले, आणि पुढे बराच काळ तेही अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिले जात असे.

'फ्यूअर' आणि 'लेस' यांच्याबाबत माझे मत या अभ्यासात बरेच सौम्य झाले. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' हा दंडक इंग्रजीच्या वापराविषयी लिहिणारे लेखक रॉबर्ट बेकर यांच्या 1770 मधील लेखनापर्यंत मागे नेता येतो, आणि तिथे तो केवळ वैयक्तिक पसंती म्हणून आला आहे. 'लेस'चा तसा वापर मात्र जुन्या इंग्रजीपासून आढळतो. शिवाय अंतर, रक्कम आणि कालावधी आकड्यांत सांगितले तरी तिथे 'लेस'च स्वाभाविक वाटते, कारण तिथे नग मोजायचे नसून एकूण परिमाण सांगायचे असते. औपचारिक लेखनात मी दंडक पाळतो. इतरांच्या बोलण्यात त्यावरून चूक काढणे मला पटत नाही.

'अफेक्ट' बहुधा क्रियापद आणि 'इफेक्ट' बहुधा नाम, एवढे पुरेसे असते. मात्र 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे, हा अपवाद लक्षात ठेवावा. ब्रिटिश लेखनातील 'प्रॅक्टिस'साठी 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' यांचा आधार घेतो : तिथे नाम आणि क्रियापद कानालाही वेगळे ऐकू येतात, त्यामुळे नामात 'सी' आणि क्रियापदात 'एस' हे पक्के राहते. अमेरिकी लेखनात मात्र 'प्रॅक्टिस'च्या दोन्ही रूपांत 'सी'च असतो, म्हणून त्या नोंदीपुढे दोन स्वतंत्र रकाने आखले आहेत.