वर रुंद, खाली केसाएवढा

लातुरात भिंतीला तडा गेला की माणसं आधी किल्लारीचं नाव काढतात. ३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिलीय त्यांना 'काही नाही हो' म्हणून वाटेला लावता येत नाही. काकूंचा फोन आला, "साहेब, मागची खोली घरापासून सुटायलीय," तसा दुसऱ्याच दिवशी गेलो.

जुनं घर विटांचं, अजून ठणठणीत. मागे स्वयंपाकघर आणि बाथरूम नंतर वाढवलेलं. जुनी भिंत संपून नवी सुरू होते बरोबर तिथे उभा तडा; स्लॅबखाली पाच मिलिमीटर, जोत्याजवळ जेमतेम दिसेल एवढा. मिस्त्री म्हणाला, "प्लास्टर आकसलंय, पुट्टी मारतो." प्लास्टर आकसलं की बारीक जाळी पडते. वर रुंद होत गेलेला आरपार तडा म्हणजे खोलीचं पलीकडचं टोक खाली बसतंय. काकूंच्या पुतण्याचं दुसरंच टोक, पाडूनच टाकू म्हणे.

दोघांनाही थांबवलं. तड्याच्या दोन्ही बाजूंना स्क्रू बसवले आणि व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, अंतर टिपून ठेवलं. हे फेब्रुवारीत. मे अखेरीस ते दोन मिलिमीटरने वाढलं होतं. म्हणून पायाशी खड्डा घ्यायला लावला, आणि तिथे सगळं कळलं. नवा पाया अडीच-तीन फुटांवर काळ्या मातीतच थांबलेला. जुना पार खाली मुरमावर टेकलेला. मातीच्या भेगांत बोटं सहज जात होती. एक ढेकूळ फोडलं तर आतली बाजू पॉलिश केल्यासारखी चकाकत होती. काळी माती ओलीने फुगते, सुकली की आकसते, आणि तेव्हा मातीवरच घासली जाते, त्याची ही खूण. वर चार पावलांवर कडुलिंब, उन्हाळाभर पाणी ओढणारा.

पाऊस पडला आणि ऑगस्टात तडा निम्म्याहून जास्त मिटला. पुतण्याला हा चमत्कार वाटला. मला मात्र हायसं वाटलं. खोली एकतर्फी खचत नव्हती, ऋतूंबरोबर वरखाली होत होती.

कडुलिंब तोडायला काकू तयार नव्हत्या, आणि मीही नव्हतो. मोठं झाड एकाएकी गेलं की माती पाणी धरून उलट फुगते. फांद्या छाटल्या. छपराचं पाणी पायाशीच पडत होतं, ते पाइपाने लांब गटारात नेलं. खोलीभोवती पाचेक फूट रुंद, बाहेर उताराचा कोबा केला, म्हणजे पायाखालची ओल एकदम वाढणार नाही की एकदम उडणार नाही. जोडावर सिमेंट भरू दिलं नाही. सरळ खाच कापून लवचीक सीलंट भरलं. मिस्त्रीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. एवढ्याने भागलं नाही तर पाया टप्प्याटप्प्याने मुरमापर्यंत न्यावा लागेल, हे खर्चाच्या अंदाजासकट सांगून ठेवलंय.

काकूंना दिवाळीला रंग हवा होता. पुढच्या मेचं माप येऊ द्या म्हटलं. त्यांनी बाकी घर रंगवून घेतलं आणि त्या कोपऱ्यापुढे कपाट उभं केलं. आता माप घ्यायचं म्हणजे आधी कपाटातली भांडी उतरवावी लागतात.