रास सोळाची, घड आठाचा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण स्नेहसंमेलनावर, सहलीवर, नाहीतर छडीवर लिहितील. मी दहावीच्या सांख्यिकीवर लिहितो. कृषी सहायकाच्या नोकरीत शाळेतलं हेच प्रकरण मला सगळ्यात जास्त लागतं.

गणिताचे सर रावेरकडचे, घरची केळी. एकदा त्यांनी फळ्यावर सात घडांची वजनं लिहिली, किलोत: ८, १४, १५, १५, १६, १७, २७. बेरीज ११२, भागिले सात, मध्य १६. चढत्या क्रमात मधोमध १५, तो मध्यक. जास्त वेळा आलेलाही १५, तो बहुलक. इथवर पुस्तकातलंच. मग शेजारी दुसऱ्या बागेचे आकडे आले: १५, १५, १६, १६, १६, १७, १७. बेरीज पुन्हा ११२! घडाच्या सरासरी वजनाला केळीवाले रास म्हणतात.

"रास दोघांची सोळाचीच. व्यापारी आधी कुठे जाईल?"

अर्धा वर्ग केळीवाल्यांचा. हात वर करायलाही कोणी थांबलं नाही. मोठ्यातून लहान वजा केलं की विस्तार, पहिल्या बागेत १९ आणि दुसरीत फक्त २. सरांनी २७ पुसून ३४ केले. मध्य लगेच १७ झाला, मध्यक जागचा हलला नाही. नुसती सरासरी सांगणाऱ्याला त्यानंतर सर कायम विचारायचे, "बाकीचे आकडे कुठे ठेवले भाऊ?"

संभाव्यतेला त्यांनी खिशातून एक रुपया आणि एक आठाणे काढले. दोन्ही फेकले तर निष्पत्ती किती? आम्ही ठासून तीन म्हणालो: दोन छापे, दोन काटे, एकेक. पण नाणी वेगळी असल्यामुळे 'रुपया छापा, आठाणे काटा' आणि त्याच्या उलट, हे दोन प्रकार डोळ्यांना दिसले. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींचा संच, चारचा. एकेक येण्याची संभाव्यता २/४. दोन्ही रुपयेच असते तर आम्ही तास संपेपर्यंत भांडलो असतो. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पास नाहीतर नापास, म्हणजे माझी १/२?" सर म्हणाले, "दोन्ही समसंभाव्य असतील तर. तुझी वही पाहता तसं वाटत नाही."

आता पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पन्न मोजायला, जातो तेव्हा हे सगळं सोबत असतं. भारतात पिकांच्या नमुना पाहणीची शास्त्रीय घडी बसली १९४० च्या दशकात. त्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याइतकंच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचं काम मोठं. शेत आणि त्यातला तुकडा यादृच्छिक आकड्यांवर ठरतो, आपल्या नजरेवर नाही. हे पटवणं सगळ्यात अवघड! विम्याचा प्रयोग असला की शेतकरी जळका कोपरा दाखवतो, आणि बियाण्याच्या प्रात्यक्षिकाला विहिरीजवळचा हिरवागार पट्टा.

विम्यात महसूल मंडळाची, म्हणजे काही गावांच्या गटाची, सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई) वर गेली, की ज्याचं एकट्याचं पीक बुडालं त्याच्या पदरी त्या प्रयोगातून काही पडत नाही. आमच्या भागातल्या एका कापूसवाल्या आजोबांना मी हे बांधावर बसून, कागदावर आकडे मांडून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद हातात घेतला आणि म्हणाले, "म्हणजे शेजाऱ्याचं पिकलं म्हणून माझं पिकलं असं धरायचं? अन् हे ठरवणाऱ्याला तुमच्या मास्तरानं शिकवलं नव्हतं वाटतं."